सुषमाचे डोहाळे आणि ॲपल कस्टर्ड पाय

९ नोव्हें. १९८६, रवि., मुलुंड
कांदिवलीला लेकीकडे जाऊन आलो. सुषमाला सातवा लागलाय. डोहाळे कसले, तर ॲपल कस्टर्ड पाय! कुणीतरी डब्यात आणला होता म्हणे, तेव्हापासून तेच डोक्यात. चिंचा-आवळे मागितले असते तर पिशवी भरून नेले असते. म्हटलं, "मी करतो." सगळे हसले. डोहाळे आईने पुरवायचे. ती नाही, तर बापाने. हसण्यासारखं काय त्यात?
पहिलं बाळंतपण माहेरीच, असं म्हटलं की विहीणबाई विषय बदलतात. घरात बाईमाणूस नाही ना! ही गेली त्याला तीन वर्षं झाली. मी काय उपाशी मेलो?

११ नोव्हें.
ऑफिसातल्या मिस फर्नांडिसने कृती टाइप करून दिली. मैदा, लोणी, सफरचंदं, दूध, साखर, अंडी. "एकदम ईझी, सर." बघू.

१३ नोव्हें.
काल वाट लागली. मला गोडाधोडातले येतात फक्त मोदक. पिठात बर्फाचं पाणी घाला असं लिहिलेलं. म्हटलं, टायपिंगची चूक असणार. मोदकांना काढतात तशी मैद्याची चांगली उकड काढली, मळली, थाळीत थापली. नाक्यावरच्या बेकरीत नेली (दिवाळीत आपली नानकटाई भाजून देतात तिथे). भाजून आली ती वहाण! सुरी चालेना. आज सांगितलं तर मिस फ. इतकी हसली की पाणी द्यावं लागलं. बर्फाचंच पाणी, म्हणे.

१५ नोव्हें., शनि.
पुन्हा. बर्फाच्या पाण्याने बोटं बधिर. फोडी रचल्या, वरून दूध-अंडी-साखर, किंचित जायफळ (हे माझं). बेकरीवाला चाचा म्हणाला, "काका, घर जाओ, भेज दूँगा." कसला जातोय! भट्टीसमोर बाकड्यावर बसून राहिलो. कस्टर्ड मधे जरा थरथरायला हवं, असं मिस फ. म्हणाली होती. थरथरलं. झकास! प्रमोशनलाही एवढा आनंद झाला नव्हता.

१६ नोव्हें., रवि.
सु.ने दोन तुकडे खाल्ले. तिसरा हातात घेतला आणि रडायलाच लागली. मी विहीणबाईंना म्हटलं, "बघितलंत? जमतं मला. आता तरी पाठवा." त्यांनी सु.कडे बघितलं. सु.च म्हणाली, "बाबा, या आई नाहीत अडवत मला. मलाच नको यायला. आपल्या आईशिवाय त्या घरात बाळ घेऊन कशी राहू? भीती वाटते मला."
आणि मी दोन महिने त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या घालतोय. सुनेवर बोल नको म्हणून सगळं स्वतःवर घेतलं त्यांनी. लाज वाटली माझी मला.
निघताना जिन्यापर्यंत आल्या. "मी येऊ का तिच्यासोबत? सव्वा महिना?" सासू, सुनेच्या माहेरी, बाळंतपण करायला! आमच्या अख्ख्या कोकणात कुणी ऐकलं नसेल. 'कळवतो' म्हणून जिना उतरलो. बसमध्ये रडलो. रुमाल पायच्या डब्याला बांधलेला, तो डबा त्यांच्याकडेच राहिला. बाहीने डोळे पुसले.

२३ नोव्हें., रवि.
बुधवारी दोन पत्रं टाकली. विहीणबाईंना : अवश्य या. लोकांचं मी बघतो.
सु.चं पत्र तीनदा फाडलं. उपदेशच फार होत होता. शेवटी एवढंच लिहिलं : कुलूप काढून आत शिरताना मलाही रोज भीती वाटते गं. कधी बोललो नाही. तू ये. दोघं मिळून घाबरू.
विहीणबाईंनी 'येते' म्हणून कळवलंय. सु.चं उत्तर नाही अजून.