पंगतीआधी एक तास

नेरुळ, दिवाळीनंतरचा रविवार, १९९९

तीर्थरूप हौसेराव मामांच्या पायांवर मुंबईकर भाचा विलास याचं डोकं. (मुंबईकर आपलं तुमच्या हिशेबाने, खरं तर आम्ही खाडीच्या अलीकडचे.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला, काळी म्हैस आणि दूध संस्थेतले विरोधक सगळे आटोक्यात असतील अशी आशा करतो. उत्कर्षाचं लग्न तोंडावर आलंय, तेव्हा तुमच्या डोक्याला किती ताप असेल ते मी जाणतो, कारण नियोजन हाच माझा धंदा. तुम्ही म्हणाल, लग्नं नियोजनाने होत नसतात, माणसांनी होतात. असो.

मी परीक्षा देऊन अमेरिकेतल्या एका संस्थेचं प्रकल्प व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट मिळवलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (पेढा खाऊन तुम्ही विचारलं होतं, "मग आजवर काय करत होतास रे?" ते मी मनाला लावून घेतलेलं नाही.) माझी समजूत अशी, की एकदा पास झालं की सुटलो. तुमची मॅट्रिक कधी कुणी परत तपासायला आलंय? पण हे सर्टिफिकेट दुभत्या जनावरासारखं आहे, सारखी वैरण घालावी लागते. वैरण म्हणजे पॉइंट. व्याख्यान ऐकलं की थोडे, दिलं की जास्त. डिसेंबरअखेर ठरलेले पॉइंट भरले नाहीत तर सर्टिफिकेट रद्द, आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आणि मामा, ती परीक्षा मी कसा पास झालो ते मला आणि देवालाच माहीत! त्यात साहेबांनी जासईच्या कंटेनर यार्डाचं काम नव्या वर्षापासून माझ्याकडे द्यायचं ठरवलंय, ते त्या सर्टिफिकेटाकडे बघूनच. ते गेलं की काम जाणार केयूरकडे. हा केयूर माझ्या हाताखालचा, अजून मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही, आणि त्याचे पॉइंट कधीच भरून झालेत. त्याला "सर" म्हणायची पाळी आली तर मला ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

म्हणून मी संस्थेच्या इथल्या शाखेचा सभासद झालो. पहिलं व्याख्यान वाशीला, विषय वेळेचं नियोजन. वक्ते खाडीपुलावर अडकले. त्यांना आणायला अध्यक्ष गेले, तेही अडकले. आम्ही सगळे नियोजनवाले तोवर बटाटेवडे खात बसलो, आणि व्याख्यान रंगात आलं तेव्हा हॉलवाल्याने पंखे बंद करायला घेतले. शेवटी मी भाबडेपणाने विचारलं, पुढच्या वेळी जरा लवकर सुरू करता येईल का? झालं! आपल्याकडे सभेत जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. मला चहापानाचा प्रमुख केलं. तेव्हापासून आत व्याख्यान चालू असतं आणि मी बाहेर जिन्याखाली वडेवाल्याशी हुज्जत घालत असतो. शाखेच्या चिटणीस क्षिप्राबाई (वयाने लहान, पण बाई कडक) म्हणाल्या, वड्यांना पॉइंट नसतात.

मग एकच रस्ता उरला: आपणच व्याख्यान ठोकायचं. नियम सोपा आहे. कुठल्याही संस्थेने बोलवावं, समोर श्रोते असावेत आणि वक्त्याने पुरता एक तास बोलावं. मी आमच्या सोसायटीतच घाट घातला. चेअरमन आप्पा म्हणाले, नुसत्या व्याख्यानाला कुणी कुत्रंही येत नाही, जोडून जरा कार्यक्रम करू. मीही हुरळलो आणि रंगीत पट्ट्या काढून सगळा कार्यक्रम आखून दिला. पंख्याच्या वाऱ्याने समई पेटेना म्हणून पंखे बंद केले. मग स्वागतगीत. मग आप्पांचं प्रास्ताविक, ते पाण्याच्या टाकीच्या पायाभरणीपासून. मग दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार, आणि नारळ उरले म्हणून नापास झालेल्यांचेही. माझा परिचय करून देणाऱ्याने मला अमेरिकेलाच पाठवलं, परत आणता आणता बराच वेळ गेला. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मित्रहो, प्रकल्प म्हणजे काय?" तोच मागून वर्दी आली की खिचडी तयार आहे. मामा, बघता बघता हॉल रिकामा! पॉइंट मोजायला आलेल्या क्षिप्राबाई तेवढ्या पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. पॉइंट एकही मिळाला नाही. खिचडी चांगली होती म्हणाल्या.

बाकी सर्व क्षेम. आम्ही दोघं लग्नाच्या आदल्या दिवशी येतोच आहोत. मामींना नमस्कार, उत्कर्षाला आशीर्वाद. काम असं काही नव्हतं, आपली आठवण आली म्हणून चार ओळी खरडल्या.

आपला,
विलास

ता.क. आत्ता सहज सुचलं म्हणून लिहितो. आपल्याकडे अक्षता पडायच्या आधी मोठी माणसं माइकवर आशीर्वादाचे दोन शब्द बोलतात. कारखान्याचे संचालक झाले, झेडपीचे मेंबर झाले, त्यांच्यामध्येच मला एक तास द्याल का? दूध संस्थेचे चेअरमन म्हणून तुम्ही बोलवायचं, म्हणजे नियमात बसतं. पंगत मात्र माझं संपल्यावरच बसवा. जेवल्याशिवाय आपल्याकडचं माणूस मांडवातून हलत नाही, हा माझा मुख्य आधार आहे. मुहूर्त थोडा टळेल, पण तुमच्याकडे कधी कुठलं लग्न वेळेवर लागलंय?

आणखी एक ता.क. नवरदेव इंजिनिअर आहेत असं ऐकलं. त्यांना तर आवडेलच.

ता.क. (वैजयंतीकडून)
मामा, नमस्कार. हे पत्र आज यांचा कोट लॉन्ड्रीत टाकताना खिशात सापडलं. पाकीट चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, फक्त पेटीत टाकायचं राहिलेलं. लग्न होऊन आठवडा झाला! हे कोट-टाय घालून, काखेत कागदाची गुंडाळी मारून मांडवात का उभे होते ते आता कळलं. माइकवर कुणाचंही नाव पुकारलं की हे टाय सारखा करायचे. तुम्ही बँडवाल्या गोटीरामालासुद्धा दोन शब्द बोलायला लावलं, यांचं नाव काही आलं नाही. आणि पत्र सगळा वेळ यांच्याच खिशात! खंबाटकी घाट उतरेपर्यंत ती गुंडाळी काखेतून सोडली नाही, आणि आता म्हणतात, मामांनी मला परकं केलं, पुन्हा त्यांची पायरी चढणार नाही. मी पोट धरधरून हसले, आणि मग वाईटच वाटलं बघा. पत्र सापडल्याचं यांना सांगितलेलं नाही. नियोजनवाल्या माणसाला हे कळलं तर फार जिवाला लावून घेतील. त्यापेक्षा तुमच्यावर राग आहे तो बरा, तो तुम्हाला काढता येईल.

तेव्हा डिसेंबर संपायच्या आत यांना दूध संस्थेत मानाने बोलवा, आपल्यालाच सुचल्यासारखं. सत्कार नको, समई नको, खायचं काही असलं तर वास बाहेर येऊ देऊ नका. फक्त तासभर माणसं बसवून ठेवा. मी रोज भाकरी थापताना यांची तालीम ऐकते, मला सगळं तोंडपाठ झालंय. हे कुठे अडले तर मागून मी सांगीन.