दुसरी सुई

पनवेल, रविवार

प्रिय दिपा,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू "आईला द्या" एवढंच म्हणतेस, म्हणून लिहितो आहे. आधी बातमी. आईचा रिपोर्ट आला. फुप्फुसातल्या गाठीत डॉक्टर जो जनुकाचा बदल शोधत होते, तो सापडला. त्यामुळे आता सलाईनमधून केमो नाही, रोज एक गोळी. आजार मुळापासून जाईल असं नाही, पण आवरेल म्हणाले. खोकला अजून आहे. तरी काल तिने हट्टाने सुकटीची चटणी केली आणि तिखट झाली म्हणून मलाच बोलली.

पहिल्या सुईने काढलेला तुकडा कॅन्सर ओळखण्यातच संपला होता. पुढच्या तपासणीला उरला नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच केमो लावू, नाहीतर पुन्हा सुई घालू आणि रिपोर्टची वाट बघू. आई म्हणाली, "मी काय उशी हाय टाचण्या खोचायला? लावा सलाईन आन चला घरी." मी ऐकलं नाही. तिच्यापुढे हात जोडले. तिने पुन्हा सुईपुढे पाठ दिली. रिपोर्ट येईपर्यंत खोकल्याने तिला आडवं पडता येईना, भिंतीला टेकून बसायची.

तुला वाटेल, बापाने बरोबर केलं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते, "हा बदल विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. सापडला तर गोळी देता येते." त्यातलं पहिलंच वाक्य मी धरून ठेवलं. आपल्या एका खोलीत मी दाराशी विडी ओढत बसायचो, ती भाकऱ्या थापायची, तू खिडकी उघडायला धावायचीस. दवाखान्याच्या पायरीवर तू म्हणालीस, "ओढलीत तुम्ही, भोगतेय ती." तेव्हापासून मला सुटका हवी होती, माझी. महादेवापुढे बसलो की तिला बरं कर असं मागायला जायचो आणि मागायचो, तो बदल सापडू दे.

रिपोर्टच्या दिवशी आई बाहेर वजन करत होती. मी डॉक्टरांना गोळीचं काही विचारलंच नाही. विचारलं, "म्हणजे माझ्या विडीने नाही ना झालं?" ते म्हणाले, "काका, कुठलं औषध चालेल ते यात कळतं. कशामुळे झालं, ते नाही."

आता आई येईल त्याला सांगते, "यांनी हट्ट धरला म्हणून गोळी मिळाली, नायतर मी बसले असते सुया टोचून घेत." मी खाली बघतो. लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

उद्या ती तुला फोन करणार आहे. "तुझ्या बापाने वाचवलं मला, आता सोड राग," असं सांगणार आहे, आणि तिच्यासाठी तू सोडशील. पोस्टाने उशीर होईल, म्हणून या कागदांचे फोटो आजच पाठवतो. तिच्या त्या बोलण्यावर मला माफ करू नकोस. पण ये. मी घरात नको असेन तर गावी, आपट्याला, भावाकडे जाऊन राहीन. यातलं तिला मात्र काही सांगू नकोस. नवऱ्याने आपल्यासाठी काही केलं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय. ते तिच्यापाशी राहू दे. हेही मी तिच्यासाठी मागतोय की स्वतःसाठी, मला खरंच कळत नाही.

तुझाच,
बाबा