मातीच्या डब्यातल्या गोळ्या

गुलबर्गा,
१४ सप्टेंबर १९८८

चि. नरसिंग यास अक्काचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. धाकटी आता शाळेत रडत नाही. तुझी खुशाली विचारत नाही, ती रविवारी डोळ्यांनी पाहून आले.

त्या दिवशी काही न बोलता बस धरली, ती राग नव्हता म्हणून नव्हे. तोंड उघडलं असतं तर तुमची सगळी मैलूर गल्ली गोळा झाली असती.

बिदरी भांडी काळी करायला तू किल्ल्यातली माती ठेवतोस, तो डबा. तू आजारी पडल्यापासून त्या डब्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी आपली फळी पुसायला डबा उचलला, तर मातीवर पांढऱ्या गोळ्या. रक्तदाबाच्या. चाळीसच्या वर असतील. नवऱ्याच्या गोळ्या बघून शोभा बिचारी उंबऱ्यातच बसली. डॉक्टरांनी तुला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, त्यातलं अर्धं फुलपात्र ती गोळीसाठी राखते. तू पाणी प्यायलास आणि गोळी गालात धरलीस. लाज नाही वाटली?

वर मलाच सांगतोस, मशीनच्या दिवशी गोळी घ्यायची नसते. हैदराबादच्या डॉक्टरांनी ते माझ्यासमोरच सांगितलंय. डायलिसिसच्या मशीनवर रक्त स्वच्छ होताना दाब एकदम खाली येतो, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची तेवढी घेऊ नका. आठवड्यातल्या दोनच सकाळी. तू अख्ख्या आठवड्याची सुटी घेतलीस. डोक्यातली शीर फुटली तर मशीन काय करणार आहे?

दाब ताब्यात आल्याशिवाय माझी किडनी तुला बसवणार नाहीत, हे तुला पुरतं ठाऊक. मी डबा पुढे धरला तेव्हा म्हणालास, "दाब उतरला की तुला टेबलावर घेतेत, अक्का. तुझी लेकरं ल्हान हायत." किडनी माझी, लेकरं माझी. निकाल देणारा तू कोण?

एवढं लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं.

जुलैत दाब जास्त निघाला म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे गेली. तुझं तोंड उतरलं होतं आणि मी दवाखान्याबाहेर चार मिरची भजी खाल्ली. त्याआधी आठ दिवस मला घास जात नव्हता. तू बाकावरून बघत होतास. मी म्हटलं, भूक लागली. नुसती भूक नव्हती रे, सुटल्यासारखं वाटलं होतं. ते तू ओळखलंस आणि तेव्हापासून गोळ्या डब्यात जाऊ लागल्या. हे मला परतताना बसमध्ये कळलं. पदर तोंडाला लावून रडले.

मला भीती वाटते. अजूनही वाटते. पण ती माझी आहे, तू ती परस्पर मिटवायची नाहीस. तुझा जीव देऊन माझी लेकरं वाढव, असं मी तुला कधी म्हटलं होतं?

रविवारी येते. सोमवारी सकाळी माझ्यासमोर गोळी घ्यायची आणि तोंड उघडून दाखवायचं, लहानपणी चोरून चिंच खाल्लीस की दाखवायला लावायचे तसं. शोभावर चिडू नको.

हे पत्र जपून ठेव. तारीख लागल्यावर मी माघार घेतली, तर माझ्यापुढे धर.

भ्यालेली, पण येणारी,
तुझी अक्का
इंदिरा