एका चिंचेच्या बदल्यात एकवीस आपटे

३ मे १९५३, रविवार
आज चिंच पाडली. माझ्याच प्लॉटवरची. मला आनंद झालेला नाही, हे आधीच लिहून ठेवतो. पण व्हरांडा नेमका तिच्या बुंध्यावर येत होता, आणि व्हरांड्याशिवायचं घर म्हणजे गोदाम. बाकीच्या चौदा प्लॉटवरची झाडं लोकांनी केव्हाच तोडली, त्यांना कुणी हूं की चूं केलं नाही. बोलणी मला! का, तर मी सोसायटीचा सेक्रेटरी. दूध-दही विकणारी बायडाबाई या चिंचेखाली बसायची. म्हणाली, "मास्तर, सावलीच पाडलीसा की! आता मी बसू कुठं?" मी सांगितलं, मधल्या मोकळ्या जागेत बाग करतो, सावलीच सावली. तिने टोपली उचलली आणि उन्हात जाऊन बसली. अडाणी बाई.

१७ मे
जनरल मीटिंग. चेअरमन हंबीरराव म्हणे, बागबिग राहू द्या, त्या जागेचे दोन प्लॉट पाडून विकू. डोकंच फिरलं. टेबलावर मूठ मारली, अजून दुखते आहे. सांगितलं, वनमहोत्सवात एकवीस झाडं लावतो. दिवाळीपूर्वी एकूण एक जगलेलं दाखवीन, नाहीतर खुशाल प्लॉट पाडा! ठरावात हे शेवटचं वाक्य माझ्याच आग्रहाने घातलं. ड्राफ्टिंग उत्तम झालं आहे.

५ जुलै
एकवीस रोपं लावली. सगळी आपट्याची. हंबीररावांचं मत करंजाला. दहा वर्षांनी दसऱ्याचं सोनं सोसायटीच्या दारात मिळेल, ही दूरदृष्टी त्यांना कुठून असणार? पानं माझ्या देखरेखीखाली, रांगेने वाटायची. नियमही तयार आहेत. बायडाबाई उन्हात टोपली घेऊन उभी होती. "आपटा? आनि कोल्हापुरात? हितं सोनं वाटत न्हाईत, लुटत्यात," म्हणाली. वर, करंजाला म्हणे शेळीसुद्धा तोंड लावत नाही. जो तो सल्ला द्यायला मोकळा!

६ जुलै, पहाटे ५
आजपासून रोज या वेळी प्रत्येक रोपाला एक घागर पाणी.

७ जुलै, सकाळी ९
पाऊस आहे. पाण्याची गरज नाही.

१६ ऑगस्ट
हंबीररावांची शेळी बागेत! एक शेंडा गेला. तिला कानाला धरून त्यांच्या दारात नेऊन उभी केली. ते म्हणाले, शेळीला ठराव वाचता येत नाही. निर्लज्जपणा! दिवसभर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. धोतर फाटलं. सौ. म्हणाली, चिंच ठेवली असती तर दोन्ही वाचलं असतं. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

४ ऑक्टोबर
एकवीसच्या एकवीस जिवंत. तीनदा मोजली. गुडघ्याएवढी झाली आहेत, काय ती पानं! पाटी लावली: 'पाने तोडण्यास सक्त मनाई. हुकुमावरून, सेक्रेटरी.' मुद्दाम हंबीररावांच्या खिडकीसमोर.

१७ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ८
पाटीपूजनाला आपट्याची पानं हवीत. सौ. म्हणाली, मंडईतून आणा. दारात बाग असताना मंडई? एका रोपाची चारच पानं घेतली, तीही देवासाठी. समोरच्या गॅलरीतून लोक बघत होते. कौतुक वाटत असावं. मी हात केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
कसं लिहू!

सोनं लुटायला चौकात गेलो होतो. काय ती गर्दी! या वयातही एका पैलवानाच्या हातातून अर्धी फांदी ओढून घेतली. बाही फाटली, पण फांदी सोडली नाही. विजयी होऊन परत आलो, तर बाग नाही! काटे एकीकडे, पाटी एकीकडे. एकवीस खड्डे. देवाला वाहायला हवीत म्हणून, चौक दूर म्हणून, मुलं रडतात म्हणून, प्रत्येकाने थोडंथोडंच घेतलं म्हणे! चोर! दरोडेखोर! ओरडणार तेवढ्यात हंबीरराव आले. हातात आख्खं रोप, मुळाला माती. "सोनं घ्या मास्तर. सकाळी तुमीच सुरुवात केलीसा, मग आमी म्हटलं मनाई उठली." आणि मला मिठी मारली. दसऱ्याच्या दिवशी सोनं नाकारता येत नाही. मी घेतलं. मागोमाग उरलेली तेराही घरं आली. एकूण चौदा मिठ्या! माझीच झाडं, पानापानाने माझ्याच हातात. जन्मात इतका संताप आला नव्हता, आणि चेहरा हसरा ठेवावा लागला.

२५ ऑक्टोबर
मीटिंग. मे महिन्यातला ठराव मलाच वाचायला लावला. शेवटच्या वाक्यासकट. खड्डे शाबूत आहेत, पुन्हा करंज लावू, असं मी म्हणालो. कुणी अनुमोदन दिलं नाही. दोन प्लॉट मंजूर.

२६ ऑक्टोबर
सकाळी बायडाबाई शेवटचं दूध घालून गेली. उद्यापासून या बाजूला येणार नाही म्हणाली. दुसरीकडं एक जुनी चिंच हाय, तिथं बसणार.

मला खरंच बरं वाटलं. कुठली चिंच, म्हणून विचारलं.

तिने टोपली डोक्यावर घेतली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि सांगितलं नाही.