नंबर लागला की

मारुंजी,
कार्तिक पौर्णिमा, १९५८

प्रिय यशवंता,

भाऊबीजेचं लुगडं अजून घडीतच आहे. रंग चांगला आहे, वहिनीने निवडला असणार. तू गेल्यापासून माझ्या डोक्यात एकच शब्द घोळतोय, नंबर. साहेब गेला, पण त्याचा हा शब्द आपल्या चुलीपाशी येऊन बसला.

मला तो भेटला पिंपरीच्या शाळेत. चौथीत माझा पहिला नंबर आला. मास्तर स्वतः सांगायला घरी आले. आबा ओसरीवर दोर वळत होते. म्हणाले, "पोरीला नंबर घिऊन काय करायचाय? तिला काय कलेक्टर व्हायचं हाय?" मी गुरांमागे गेले आणि माझी पाटी तुझ्याकडे आली. तुझा नंबर कधी वर आला नाही, तरी तू सातवीच्या फायनलपर्यंत शिकलास. तेव्हा मला राग आला नव्हता. आता येतो.

मग तो शब्द रानात आला. सरकारी माणसं साखळ्या ओढत मोजणी करून गेली आणि आपण ज्याला आंब्याचं शेत म्हणायचो त्याचा सर्व्हे नंबर झाला. त्यावर कारखान्याची भिंत उठली. बदल्यात तुला नोकरी मिळाली, छातीवर पितळी बिल्ला आणि त्यावरही नंबर. आबा शेवटपर्यंत तो चिंचेने घासून लखलखीत करून द्यायचे. माझ्या नंबराचं कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही.

हे वारल्यावर दिरांनी मला गोठ्याशेजारची खोली दिली. तेव्हा तू म्हणालास, "आक्का, क्वार्टरला नंबर लागला की तुला घिऊन जातो बघ." मी वेडी, ट्रंक भरून बसले. नंबर लागल्याचं मला कासारणीने सांगितलं, तिने तुझ्या क्वार्टरात जाऊन वहिनीला बांगड्या भरल्या होत्या. लोकांचं शिवण करून माझ्या डोळ्यांनाही नंबर लागलाय. चष्मा तुला दिसला, पण तू काही विचारलं नाहीस.

मी ओवाळलं, तू ताटात लुगडं ठेवलंस आणि निरांजन विझायच्या आत पिशवीतून कागद काढलास. भिंतीबाहेर उरलेला तुकडा, विहिरीसकट. आबांच्या मागे नव्या कायद्याने त्यात माझंही नाव लागतं, ते सोडून दे म्हणालास. बहिणी सोडतातच. खरं आहे, माहेर तुटू नये म्हणून सोडतात. मीही सोडलं असतं रे. पण कागदाशेजारी तू शाईचं पॅड उघडलंस आणि माझा अंगठा धरलास. ज्या पाटीवर तू ग म भ न गिरवलंस, तिच्यावर आधी मी लिहीत होते, हे तू साफ विसरलास. मी हात ओढून घेतला तर तुला वाटलं, आक्का घाबरली.

म्हणून हे पत्र. मी माझा वाटा सोडत नाही. संक्रांत झाली की ट्रंक घेऊन विहिरीवरच्या खोपीत राहायला येते आहे. छप्पर शाकारून ठेवलंस तर बरं, नाहीतर मी शाकारीन. लुगडं हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवते आहे. पत्र तुझ्या वकिलाला दाखव. खाली अंगठा नाही, सही आहे.

तुझीच आक्का,
शालन मालोजी बुचडे