तळहातातली गाठ

मालवण, ९ नोव्हेंबर २००३

ती. दादास,
विमलाचा शि. सा. न. वि. वि.

मी सांगते आणि किशोरी लिहिते. परवा बाजारात विळीवर सुरमई कापत होते. शेजारची काशीबाई एकदम ओरडली, विमला गो, तुझा रगत वाहता! बघते तर तर्जनी हाडापर्यंत कापलेली. दादा, माका कायच कळला नाय! दुखलं असतं तर रडले असते. दुखलं नाही म्हणून मासा तिथेच टाकून दवाखाना गाठला.

त्याच उजव्या तळहातात मऊ गाठ आहे, सहा वर्षं झाली. दाबली की बोटांत झिणझिण्या येतात, अंगठाही बधिर झालाय. कुणाला बोलले नाही. इथले डॉक्टर म्हणाले, वाईट गाठ असू शकते, हातही जाईल. हे लिहिताना लेकीने दोनदा पेन खाली ठेवलं.

माया असू दे.
तुझी विमला

आरोंदा, १४ नोव्हेंबर २००३

चि. विमलास,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आज होडी पाण्यात घातलीच नाही. सहा वर्षं! माहेरी येऊन गावभरच्या उचापती सांगायचीस, आणि हे एवढंच पोटात ठेवलंस? सोमवारी शेजारच्या बाबलीची गाडी घेऊन येतो. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात जाऊ. गाठ मुळासकट काढा, थोडीसुद्धा ठेवू नका, असं डॉक्टरांना मीच सांगीन. तुझी वहिनी म्हणते, तिच्यावर ओरडू नका. बघतो जमलं तर.

रागावलेला, पण तुझाच,
गंगाराम

मालवण, २१ डिसेंबर २००३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं, तू आरोंद्याला गेलास, आणि चौथ्या दिवशी पट्टी सोडली. बघते तर गाठ होती तशीच! माझं डोकं फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर डॉक्टरीणबाईंना विचारलं, मगे कापलंस तरी काय?

त्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, ही कॅन्सरची गाठ नाही, फार क्वचित कुणाला होते. बोटांना जाणीव देणारी शीरच चरबी भरून दोरखंडासारखी सुजली आहे. ती काढली असती तर अंगठ्यासकट तीन बोटं कायमची मेली असती. म्हणून मनगटाच्या आत तिला आवळणारा पट्टा कापून शिरेला जागा करून दिली. दादा, त्यांनी तुझं ऐकलं असतं तर?

तर्जनीचं मात्र सांगता येत नाही म्हणाल्या. उशीर झाला. तो मीच केला.

काल भाताचा टोप उतरताना अंगठ्याला चटका बसला. अशी किंचाळले की किशोरी अंगणातून धावत आली. माका भाजला गो, भाजला, म्हणत मी हसत होते आणि रडतही होते. तिला वाटलं, आईला वेड लागलं.

वहिनीस नमस्कार. राग ओसरला असेल तर लोभ तेवढा ठेव.
तुझी विमला