ठोका मागे पडतो

रविवार, १४ सप्टेंबर

चिरंजीव भाचेबुवांस,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. तुझ्या पोटदुखीचं काय झालं? वेळेवर जेवत जा.

पत्राचं कारण म्हणजे माझा संगणक. अगदी निवृत्तीला आलाय. भाषांतराची फाइल उघडायला सांगावी आणि तोवर चहा करून, पिऊन यावं. आता कोणती प्रणाली घ्यावी, यावर जो तो शहाणा. ऑफिसातले म्हणतात विंडोज, कारण सगळी कामं त्यातच येतात. दुकानदार म्हणतो, संगीतासाठी डोळे झाकून मॅक घ्या. शेजारीण म्हणते, नवा कशाला, याच्यावरच लिनक्स चढवा, पळायला लागेल. मला तिघांचंही पटतं, हीच पंचाईत.

संगीत मध्येच कुठून आलं, असं म्हणशील. आम्ही हल्ली जरा वाजवतो. संगणकाला जोडायची रबरी पॅड आणलीत. काठी मारली की कानातल्या हेडफोनमध्ये ड्रम वाजतो, शेजारपाजारची तक्रार नाही.

'आम्ही' लिहून गेले खरी. आता सांगूनच टाकते. वाजवतो तो तुझा बाप.

तुझ्या त्या गाण्यातून तू त्याने वाजवलेले ड्रम काढून संगणकाचे घातलेस आणि तो "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाला, तेव्हापासून त्याने ड्रमला हात लावला नव्हता. या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या दारात उभा. "ताई, त्या पोराने नक्की काय केलं, ते मला शिकायचंय." तेव्हापासून रोज येतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडाने माउसला शिव्या. तू पाहिलं असतंस तर हसून लोळला असतास.

पण गेल्या आठवड्यात त्याने काठ्या माझ्या कपाटात टाकल्या. म्हणाला, "माझा हात गेला. ठोका मागे पडतो. पोराने मला काढलं ते बरोबरच होतं."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं रे.

हात कुठला जातोय! मी स्वतः काठी मारून पाहिली. काठी आधी पडते, आवाज मागून येतो. संगणकच रेंगाळतो, आणि हा त्याच्याशी जुळवून घ्यायला जातो नि सगळंच विस्कटतं. तसं सांगितलं, तर म्हणाला, "तुला लहानपणापासून ताल कळत नाही." कळत नाहीच.

तुला कळतो. तुझा कान तो मानतो, त्यानेच तयार केलाय ना. म्हणून फोनवर उपदेश नको, तू ये. विंडोज ठेव, मॅक आणायला लाव, लिनक्स चढव, मी चकार शब्द काढणार नाही. माझ्या फाइली उघडल्या आणि काठीबरोबर आवाज आला, की झालं. तो "कशाला आलास?" म्हणून खेकसेल. आत्याचा संगणक बिघडलाय म्हण आणि कामाला लाग.

मग त्याला वाजवायला बसव. ठोका जागेवर पडत असेल तर तसं त्याला तोंडावर सांग. मी सांगून उपयोग नाही. मी बहीण आहे, बहिणी तसंच म्हणतात.

त्याला यातलं काहीही न सांगितलेली,
तुझी आत्या